मासा वर येतो, फ्लायला नाक लावतो आणि परत फिरतो: नव्या नदीवर हे हटकून का होतं?

लक्षण असं. नदी नवी, पाणी नितळ, आणि ट्राउट डोळ्यांसमोर वर येऊन किडे टिपतोय. तुमची ड्राय फ्लाय (गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेला, पाण्यावर तरंगणारा खोटा किडा) त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, हातभर पुढे अलगद उतरते. मासा उठतो, फ्लायखाली येतो, तिच्याबरोबर वीतभर मागे सरकतो, आता तोंड उघडणार असं वाटतं, आणि सावकाश वळून आपल्या जागी जाऊन बसतो. दुसऱ्या खेपेला तो अर्ध्यातूनच परततो. तिसऱ्या खेपेला ढुंकूनही बघत नाही. मग फ्लाय बदला, पुन्हा तेच. तासाभराने डबीतल्या निम्म्या फ्लाय भिजलेल्या असतात आणि मासा मात्र तिथेच बसून निवांत खात असतो.

नेहमीच्या नदीवर असं क्वचितच होतं, म्हणून बरीच वर्षं मी समजत होते की नव्या नदीतले किडे वेगळे असतात आणि आपल्याकडे नेमकी तीच फ्लाय नाही. फार थोड्या वेळा ते खरं निघालं. झालेलं असतं असं की ओळखीच्या नदीवर कुठल्या दगडापाशी उभं राहायचं हे पायांना पाठ असतं आणि त्याचं श्रेय आपण फ्लायला देऊन टाकतो. नव्या नदीवर डबी तीच असते, पाय मात्र अडाणी असतात. त्यामुळे माझा तपासणीचा क्रम आता ठरलेला आहे: आधी ओढ (दोऱ्याने फ्लाय खेचली जाणं), मग उभं राहायची जागा, मग दोरा, आणि फ्लाय सगळ्यात शेवटी.

नकार कसा दिला ते बघा

डबी उघडण्याआधी एवढं आठवा, की मासा नेमका कधी वळला? फ्लायबरोबर थोडा वेळ वाहत येऊन मग वळला, तर नव्वद टक्के ओढच आहे असं मी धरून चालते. (नव्वद हा माझा अंदाज, कुणी मोजलेलं नाही.) फ्लायच्या खाली येताक्षणी वळला, तर आकार मोठा आहे, किंवा तो खातोय ते वेगळं काहीतरी आहे. वर न येताच बाणासारखा पळाला, तर त्याला तुम्ही दिसलात, किंवा तुमच्या लाइनची (रॉडवरच्या जाड दोरीची) सावली त्याच्या डोक्यावरून गेली. आणि पाणी उडवून वर आला पण फ्लाय तोंडात घेतलीच नाही, असं होत असेल तर बहुधा फ्लाय शेवटच्या क्षणी सरकली, म्हणजे पुन्हा ओढच.

हे चार प्रकार एकदा ओळखता आले की निम्मं काम झालं. मी स्वतः ते फार उशिरा शिकले, कारण मासा वळला की माझे डोळे आपोआप डबीकडे जायचे.

ओढ दिसत नाही, म्हणून ती नसते असं नाही

फ्लाय फिशिंगवाले जिला ड्रॅग म्हणतात ती ही ओढ. नदीचं पाणी वरून एकसंध दिसलं तरी ते शेजारीशेजारी वाहणाऱ्या पट्ट्यांचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक पट्ट्याचा वेग निराळा. काठालगत संथ, मधल्या जिभेत, म्हणजे मुख्य धारेत, वेगवान, दगडामागे जवळजवळ थांबलेलं. तुमची लाइन या सगळ्या पट्ट्यांवर आडवी पडते. वेगवान पट्टा लाइनला पोट काढतो, ते पोट लीडरला (लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला) ओढतं, लीडर फ्लायला ओढतो. खऱ्या किड्याला मागून दोरा बांधलेला नसतो; तो ज्या पट्ट्यात पडला त्याच पट्ट्याच्या वेगाने जातो. ट्राउट दिवसभर हेच बघत बसलेला असतो.

मोठी ओढ सगळ्यांना दिसते, फ्लायमागे पाण्यावर रेघ उमटते. त्रास देते ती बारीक ओढ. दहा मीटरवरून फ्लाय अगदी मोकळी तरंगतेय असं वाटतं आणि मासा मात्र वीतभर अंतरावरून बघत असतो. ती पकडायची युक्ती सोपी आहे. माशापासून लांब, पण तशाच पाण्यात, फेसाच्या बुडबुड्याशेजारी किंवा वाहत्या पानाशेजारी फ्लाय टाका आणि दोन मीटर त्या दोघांची जोडी टिकते का बघा. फ्लाय बुडबुड्याच्या पुढे गेली किंवा मागे राहिली, तर ओढ आहे. मी नव्या नदीवर पहिली दहा मिनिटं रिकाम्या पाण्यात फक्त हेच करते. बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो.

फेसाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. फेसाची रेघ जिथून वाहते तिथूनच किडे वाहतात. अनोळखी नदीवर मासे कुठे असतील हे कळायला याहून चांगली खूण नाही. वेगवान आणि संथ पाणी जिथे घासून जातं ती शिवण, खळाळ संपून पाणी खोल होतं तो उतार, मोठ्या दगडाच्या पुढची उशी आणि मागची सावली, डोहाची शेपटी. या जागा कुठल्याही देशातल्या नदीवर सारख्याच.

चार पावलं चाला

ओढीवरचा पहिला उपाय कास्टमध्ये, म्हणजे लाइन फेकण्यात, शोधू नका. तो पायांत आहे.

मासा आणि तुम्ही यांच्यामध्ये वेगवान जीभ आहे आणि तुम्ही बरोबर समोरून, आडवे टाकताय, तर ही सगळ्यात वाईट जागा. आणि नव्या नदीवर माणूस नेमका तिथेच उभा राहतो, कारण मासा तिथूनच सगळ्यात चांगला दिसतो. माझा एक अख्खा दुपार-संध्याकाळचा वेळ असाच गेला होता. पलीकडच्या काठाला वाकलेल्या फांदीखाली एक मासा मिनिटाला दोनदा तरी वर येत होता. मी अलीकडच्या गोट्यांवर उभी, मध्ये अरुंद पण सुसाट धार. नऊ फ्लाय बदलल्या. प्रत्येकीला त्याने मान दिला, म्हणजे उठून बघितलं, आणि प्रत्येक वेळी मी ठरवलं की रंग चुकला. शेवटी वैतागून साठेक पावलं खाली गेले, जिथे पाणी पसरून उथळ झालं होतं तिथून पलीकडे गेले आणि काठाकाठाने गुडघ्यांवर सरकत त्याच्या खालच्या अंगाला आले. आता लाइन त्याच्याच पट्ट्यात पडत होती. सुरुवातीची चौदा नंबरची फ्लाय (नंबर जितका मोठा तितकी फ्लाय लहान) पुन्हा बांधली, तीच जी त्याने सगळ्यात आधी नाकारली होती. त्याने ती दुसऱ्या कास्टला घेतली. मासा काही मोठा नव्हता. हातात मावला, सोडून दिला. पण त्या नऊ फ्लायचं ओझं अजून डोक्यात आहे.

तर, खालच्या अंगाने आणि किंचित बाजूने टाकणं हे पहिलं. अगदी सरळ मागून टाकलं तर लाइन त्याच्या डोक्यावर पडते. दुसरं, जवळ जा. पाण्यावर जितकी लाइन कमी तितके पट्टे कमी. दगडगोट्यांच्या खळाळत्या पाण्यात तीन-चार मीटरपर्यंत जाता येतं, कारण पाण्याचा पृष्ठभाग फुटलेला असतो. तिथे रॉड उंच धरून फक्त लीडरच पाण्यावर ठेवा. तिसरा मार्ग वरच्या अंगाने, खाली सोडत. यात फ्लाय आधी पोचते आणि दोरा नंतर, हा मोठा फायदा. पण रॉड उचलायला घाई केली तर फ्लाय त्याच्या उघड्या तोंडातून सरळ बाहेर निघते. त्याचं तोंड मिटून डोकं खाली जाईपर्यंत थांबायचं, आणि ते थांबणं फार जड जातं.

नदी ओलांडायची तर एक इशारा, कारण नदी अनोळखी आहे. प्रकाश वाकत असल्यामुळे नितळ पाणी वरून पाहिलं तर खऱ्या खोलीच्या जेमतेम पाऊणपट खोल वाटतं. जे मांडीभर दिसतं ते कमरेला लागू शकतं. पाऊल टाकण्याआधी खालच्या अंगाला बघा: घसरलो तर वाहत कुठे जाऊ? उत्तर आवडलं नाही तर त्या माशाला तिथेच राहू द्या. हातात काठी, वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) पट्टा आवळलेला, आणि एक पाय पक्का रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

जागा बदलता येत नसेल तर

कधी कधी पलीकडे जाताच येत नाही. मग दोऱ्यात सैलपणा घालायचा. मधली धार वेगवान असेल तर लाइन पाण्यावर पडताक्षणी तिचं पोट वरच्या अंगाला उलटवा, यालाच मेंड म्हणतात. बहुतेकांचा मेंड उशिरा होतो, ओढ सुरू झाल्यावर, आणि मग त्या मेंडनेच फ्लाय हलते. त्यापेक्षा हवेतच करा: लाइन पुढे उलगडत असताना रॉड आणि हात वरच्या अंगाला लांबवा, म्हणजे ती तिरकी पडते. हा रीच कास्ट शिकायला एक सकाळ पुरते आणि माझ्या मते लांब फेकता येण्यापेक्षा तो कितीतरी जास्त उपयोगी आहे. दुसरी सवय म्हणजे रॉड नेहमीपेक्षा उंच थांबवायचा, म्हणजे लीडर ताठ न पडता वेटोळी घेऊन पडतो. ही वेटोळी सुटेपर्यंत फ्लाय मोकळी असते. सरळ बाणासारखा कास्ट मैदानावर देखणा दिसतो; पाण्यावर मात्र त्यात ओढ पहिल्या सेकंदापासून असते.

आता दोरा. टिपेट म्हणजे लीडरच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा सगळ्यात बारीक तुकडा. त्याची जाडी एक्समध्ये सांगतात आणि हिशोब उलटा आहे: अकरातून एक्सचा आकडा वजा करा, जे उरेल तितके सहस्रांश इंच. म्हणजे ५एक्स हे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. फ्लायच्या नंबरला तीनने भागलं की जवळपासचा एक्स मिळतो. सोळा नंबरच्या फ्लायला ५एक्स. बारीक टिपेटने फरक पडतो तो मासा दोरा बघतो म्हणून, असं लोक म्हणतात. मला तरी वाटतं, खरं कारण त्याचा मऊपणा आहे. जाड टिपेट ताठ असतं आणि छोट्या फ्लायला काठीसारखं ढकलतं. म्हणून बारीक करण्याआधी मी ते लांब करते. नऊ फुटी लीडरच्या टोकाला दोन फुटांऐवजी चार फूट टिपेट, नंबर तोच. निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं.

ड्राय फ्लायला नायलॉन वापरा. फ्लुओरोकार्बन जड असतं, बुडतं, निम्फला (पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल करणाऱ्या फ्लायला) छान, पण बारीक ड्राय फ्लायला खाली खेचतं. टिपेट मात्र फ्लायजवळ पाण्यावर तरंगत राहिलं तर पृष्ठभागावर चकचकीत रेघ उमटते, त्यासाठी मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी घासायचं द्रव यांचा चिखल करून शेवटच्या हातभर दोऱ्याला चोळायचा. दोरा पाण्याच्या पापुद्र्याखाली जातो.

त्याला काय दिसतं

पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल झरोक्यातून दिसतं. त्या झरोक्याचा कोन सुमारे ९७ अंशांचा, आणि व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो, त्यात तळच दिसतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर झरोका जेमतेम ६८ सेंटिमीटरचा. १५ सेंटिमीटरवर असेल तर ३४चा. म्हणजे अगदी वर येऊन खाणाऱ्या माशाला बाजूने वीतभर चुकलेली फ्लाय दिसतच नाही, आणि आपण समजतो त्याने नाकारली. तो नकार नव्हताच. खोलवरचा मासा उलट रुंद बघतो आणि लांबून उठतो.

याच झरोक्याच्या कडेला, पाण्यालगतच्या गोष्टी चेपून बारीक होतात. पृष्ठभागापासून दहाएक अंशांच्या खाली जे असेल ते जवळजवळ दिसेनासं होतं. गणित करून बघा: दहा मीटर अंतरावर दहा अंश म्हणजे पाण्यापासून पावणेदोन मीटर उंची. सहा मीटरवर तीच एक मीटर राहते. पाण्यात गुडघाभर उतरून दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला फारशी भीती नाही. सहा मीटरवर मात्र वाकायला हवं. आणि मीटरभर उंच काठावर उभं राहून टाकणारा तर त्याला झाडासारखा दिसतो. नव्या नदीवर आपण पाणी नीट बघायला म्हणून नेमके उंच काठावर चढतो. चढा, बघा, जागा लक्षात ठेवा, आणि मग खाली उतरूनच टाका.

एवढं करूनही वळत असेल तरच डबी

आधी उठण्याची पद्धत बघा. मासा परत गेल्यावर पाण्यावर बुडबुडा राहिला, तर तोंड पृष्ठभागाबाहेर आलं होतं, तो वरचे किडे खातोय. बुडबुडा नाही, नुसती पाठ आणि शेपटी वळताना दिसली, तर तो पापुद्र्याखालचं खातोय, वर येऊ पाहणारे आणि अजून पंख न सुटलेले किडे. अशा माशाला उंच तरंगणारी फ्लाय कितीही सुंदर असली तरी निरुपयोगी. इंग्लंडमधल्या इचेन नदीवर जी. ई. एम. स्क्यूज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच म्हणून निम्फचा पुरस्कार केला, तेव्हा ड्राय फ्लायवाल्यांनी त्यांच्याशी बराच वाद घातला. तो वाद माझ्या डबीत अजून चालू असतो.

म्हणून बदलायचीच तर अवस्था बदला, रंग नंतर. हाताशी वेगळी फ्लाय नसेल तर आहे तिच्याच खालच्या बाजूचे हॅकल (गळाभोवती गुंडाळलेली पिसं) कात्रीने सपाट कापा, म्हणजे ती पाण्यात बसते. किंवा ड्राय फ्लायच्या गळाच्या वाकाला अर्धा मीटर टिपेट बांधून खाली छोटा निम्फ सोडा. मग आकार, एक-दोन मापांनी लहान फ्लाय. रंग सगळ्यात शेवटी.

किडे ओळखायला पुस्तकी ज्ञान लागत नाही. साधी गाळणी प्रवाहात दोन मिनिटं धरा, दोन दगड उलटून बघा. शिडासारखे उभे पंख म्हणजे मेफ्लाय. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटक. छपरासारखे उतरते पंख म्हणजे कॅडिस, त्याच्या बऱ्याच अळ्या वाळूच्या किंवा काड्यांच्या नळीत राहतात. कोरड्या दगडांवर रिकाम्या कातड्या चिकटलेल्या दिसल्या तर बहुधा स्टोनफ्लाय, कारण ते रांगत बाहेर येऊन पंख फोडतात. काहीच कळलं नाही तर ॲडम्स लावा. मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी १९२२मध्ये बांधलेली ही करडी फ्लाय कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, आणि अनोळखी नदीवर तेच तिचं बळ.

फ्लाय बुडायला लागली म्हणून जेल चोळत असाल तर एक अपवाद: बदकाच्या शेपटीजवळच्या पिसांची, सीडीसीची फ्लाय. जेलने ती पिसं चिकटतात आणि फ्लाय कामातून जाते. ती पाण्यात खळबळून धुवा, कापडात दाबा, कोरडी पूड लावा.

मासे वर येतच नसतील

हा वेगळा आजार आहे, थोडक्यात सांगते. थर्मामीटर पाण्यात घाला. दहा ते सोळा अंश सेल्सिअसमध्ये तपकिरी ट्राउट मनापासून खातो. पाच-सहाच्या आसपास तो तळाशी सुस्त असतो, निम्फ अगदी तळाला घासत न्या. वीसच्या वर गेलं असेल तर रॉड आवरा. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशांना नऊच्या आसपास, आणि थकलेला मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही.

परवाना, बंदीचा काळ, गळाला काटा चालतो की नाही, हे निघण्याआधीच विचारून घ्या. बूट आणि वेडर्स आधीच्या नदीनंतर धुऊन पूर्ण वाळवलेले हवेत. डिडिमो नावाचं शेवाळ न्यूझीलंडमध्ये २००४मध्ये सापडलं आणि ओल्या साधनांतून पसरायला त्याला एक थेंब पुरतो, म्हणून तिथे नंतर बुटांच्या फेल्टच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लोकरीसारख्या कापडाच्या, तळव्यांवर बंदीच आली.

आता समोरचा मासा. त्याने दोनदा नाकारलं असेल तर तिसरा कास्ट लगेच टाकू नका. खाली बसा आणि त्याला पाच वेळा निर्धास्त खाऊ द्या, मोजून. तेवढ्यात टिपेट बोटांमधून ओढून बघा; वाऱ्याने पडलेली बारीक गाठ हाताला लागली तर तो तुकडा कापून टाका, कारण तुटणार तिथेच. नवी गाठ ओली करून आवळा. पाचवं उठणं झालं की बुडबुड्याच्या रेघेकडे एकदा बघून घ्या, आणि आधीच्यापेक्षा दोन पावलं खाली सरकून टाका.